माटोळीतली विषारी कळलावी

पाऊस स्थिरावला की जमिनीतल्या कंदातून कळलावीचा वेल वर येतो. गोव्यात पेडण्यातल्या तुयेपासून डिचोलीपर्यंतच्या मुलखात तो कुंपणांवर आणि रानाच्या कडेला झुडपांत वाढतो. ओल त्याला हवीच, पण पाणी तुंबले तर कंद कुजतो. पानांच्या टोकांच्या ताण्यांनी आधार धरत वेल चढतो आणि गणेश चवथीच्या सुमारास फुलतो. नागमोडी कडांच्या सहा पाकळ्या मागे वळलेल्या असतात. त्या आधी हिरवट-पिवळ्या, मग केशरी आणि शेवटी लालभडक होतात. अग्निशिखा हे नाव या फुलाला शोभते.

गोव्यात गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळे-फुले बांधतात, ती माटोळी. माट, कवंडळ, घागऱ्या यांच्या सोबतीने कळलावीची फुलेही तिथे लागतात. या सामानात खाण्याजोगे आणि विषारी असे दोन्ही असते. कोणते फळ फक्त बांधायचे आणि कोणते खायचे, हे घरातली वडीलधारी माणसे मुलांना दाखवून देतात. वनस्पतींची याहून चांगली शाळा क्वचितच असेल.

कळलावीच्या सर्व भागांत कोल्चिसीन हे विष असते. कंदात आणि बियांत सर्वाधिक. ते पेशींचे विभाजन रोखते. कंद पोटात गेल्यास काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, नंतर मूत्रपिंड, यकृत, अस्थिमज्जा निकामी होऊ शकतात. वाचलेल्यांचे केसही गळतात. यावर खात्रीचा उतारा नाही. रताळ्यासारखा दिसणारा हा कंद चुकून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत, त्यामुळे शंका येताच रुग्णालय गाठावे लागते.

आयुर्वेदात लांगली या नावाने कळलावीची गणना उपविषांत होते. गोमूत्रात शोधन केल्यावरच कंद औषधात घेतात. प्रसूती लवकर व्हावी म्हणून त्याचा लेप पोटावर किंवा तळपायांना लावण्याची जुनी रीत होती. गर्भ पाडण्यासाठी कंद पोटात घेण्याचे प्रयत्न मात्र जीवघेणे ठरले आहेत.

हेच कोल्चिसीन मोजक्या मात्रेत सांध्यांत युरिक आम्ल साचून येणाऱ्या सुजेवर दिले जाते. युरोपातल्या ओलसर कुरणांत उगवणाऱ्या कोल्चिकम या फुलझाडातून ते 1820 साली वेगळे काढण्यात आले. औषधासाठी कळलावीच्या बियांनाही मोठी मागणी आहे. रानातले कंद खणून नेल्याने वेल नाहीसे होतात. तमिळनाडूत, जिथे कळलावीचे फूल राज्यपुष्प आहे, शेतकरी बियांसाठी तिची शेतात लागवड करतात.