खेड्यापाड्यांतील दूरदर्शन व इंटरनेट : शेतकऱ्याने त्यांपासून काय घ्यावे?

शेतीचा धंदा जितका जमीन व पाऊस यांवर, तितकाच तो वेळेवर मिळणाऱ्या बातमीवर अवलंबून आहे. पूर्वी बातमी बाजाराच्या दिवशी अगर चावडीवर मिळे. हल्ली ती घरावरील छत्रीतून व हातातील मोबाईलमधून येते. परंतु छत्रीतून येणारी बातमी व मोबाईलवरून चालणारा व्यवहार ह्या दोन अगदी भिन्न वस्तू आहेत. हा भेद नीट ध्यानात न घेतल्यास शेतकऱ्याचे मोठे नुकसान होण्याचा संभव आहे. सबब भिवंडी तालुका डोळ्यांसमोर ठेवून त्याचा थोडा विचार येथे करीत आहोत.

आकाशमार्गे येणारे दूरदर्शन

उपग्रहाच्या द्वारे खेड्यांना शिक्षण देण्याचा आपल्या देशातील पहिला मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत एक वर्ष चालला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह त्याकरिता वापरला असून सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावी सार्वजनिक संच बसविण्यात आले होते. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, व त्यावरील 'आमची माती, आमची माणसं' हा कार्यक्रम पुष्कळ शेतकरी कुटुंबांच्या परिचयाचा झाला. पुढे डिसेंबर २००४ मध्ये मासिक वर्गणी न घेणारी दूरदर्शनची छत्री-सेवा आली, आणि २६ मे २०१५ रोजी केवळ शेतीस वाहिलेली 'डीडी किसान' ही वाहिनी सुरू झाली.

दूरदर्शनचे हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याशी गती जुळवून राहतात. म्हणून छत्री एकदा रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही. भिवंडीहून वर्गणीविना मिळणाऱ्या या सेवेच्या छत्रीचे तोंड आग्नेयेस असावे लागते. त्या दिशेस आंबा अगर चिंच आड येणार नाही, अशी जागा प्रथमच निवडावी. मुसळधार पावसात चित्र जाते, हा अनुभव आपल्या भागात नित्याचा आहे. त्याचे कारण असे की, या सेवेच्या लहरींची लांबी अवघी दोन-अडीच सेंटिमीटर असल्याने पावसाचे थेंब त्या शोषून घेतात व विखुरतात. १९७५ च्या प्रयोगातील लहरी सुमारे ३५ सेंटिमीटर लांबीच्या असल्याने त्यांना पावसाची बाधा जवळजवळ नसे; मात्र त्यांस छत्रीही तीन मीटर व्यासाची लागे. तात्पर्य, ज्या घटकेस पावसाच्या इशाऱ्याची निकड अधिक, त्याच घटकेस छत्री दगा देण्याचा संभव असतो. म्हणून साधा रेडिओ घरात असू द्यावा.

मिळून ऐकण्याचा लाभ

यंत्र घरी आले म्हणजे ज्ञान आले, असे मात्र नव्हे. १९५६ साली आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावी शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापिली. मंडळाचे सभासद आठवड्यातून दोनदा एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत व आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. ज्या गावी नुसता रेडिओ होता, त्यांच्यापेक्षा मंडळाच्या गावी ज्ञानात पुष्कळ अधिक भर पडली, असे त्या वेळच्या पाहणीत आढळून आले. कारण उघड आहे. एकटा मनुष्य ऐकून विसरतो. चौघे ऐकतात तेव्हा एक शंका काढतो, दुसरा आपला अनुभव सांगतो, व तिसरा प्रयोग करून पाहण्याचे मनावर घेतो.

आता हक्कच तारेशी बांधले गेले आहेत

दूरदर्शन एकतर्फी बोलते. ते न पाहिल्याने कोणाचा हक्क बुडत नाही. इंटरनेटची गोष्ट निराळी आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, व पूर्वी तलाठ्याच्या लेखणीने होणारी पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून छायाचित्रासह करण्याची रीत पडली. १५ एप्रिल २०२५ पासून शेती खात्याच्या योजनांचा लाभ घेण्यास शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. २०२५-२६ च्या खरिपाकरिता सामान्य भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला आहे. परंतु सातबाऱ्यावर भाताची नोंदच नसेल, तर तो भाव मिळण्यास अडथळा येतो. पीककर्ज, विमा व नुकसानभरपाई यांचीही तीच स्थिती आहे.

भिवंडी तालुक्यात तर याहून मोठी गोष्ट पणास लागलेली आहे, ती म्हणजे खुद्द जमीन. माणकोली, वळ, पूर्णा, दापोडे या बाजूंस भाताच्या खाचरांवर गोदामे उभी राहिली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा भाग ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि आमणे हे आपल्याच तालुक्यातील गाव होय. जेथे गुंठ्याला असा भाव येतो, तेथे सामाईक खात्यातील एखाद्या हिस्सेदाराने परस्पर केलेला व्यवहार, वारसाचे गाळलेले नाव, किंवा क्षेत्रातील चूक ही घराण्याचा घात करू शकते. फेरफाराची नोंद धरल्यावर हितसंबंधितांस नोटीस देण्यात येते व हरकतीस १५ दिवसांची मुदत असते. प्रलंबित फेरफारांची माहिती शासनाच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गाववार पाहता येते. शहरात बसलेला खरेदीदार ती रोज पाहू शकतो. डोंगराआडच्या पाड्यावरील मालकास मात्र रेंज मिळविण्याकरिता टेकाड गाठावे लागत असेल, तर दोघांची बरोबरी कशी व्हावी?

तार, मनोरा की उपग्रह?

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली; तिलाच २०१५ पासून 'भारतनेट' म्हणतात. परंतु तार पंचायतीच्या कचेरीत पोहोचली म्हणजे ती पाड्यावर पोहोचली असे होत नाही. पाटाचे पाणी गावच्या शिवेपर्यंत आले, तरी शेतात घ्यावयास चारी लागतेच. तद्वत येथेही अखेरचा टप्पा खर्चाचा व कटकटीचा असतो. मोबाईलचा मनोरा ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो, मात्र डोंगराच्या सावलीत त्याचे चालत नाही.

अशा ठिकाणी उपग्रहावरून इंटरनेट घेण्याचा मार्ग उरतो. नव्या पद्धतीचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरत असल्याने उत्तर येण्यास विलंब लागत नाही. त्यांपैकी स्टारलिंक कंपनीस जून २०२५ मध्ये दूरसंचार खात्याचा परवाना मिळाला, आणि ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने तिच्याशी इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशीम या जिल्ह्यांवर भर आहे. ही साधने एकेकट्या शेतकऱ्याने घरोघर घेण्यापेक्षा तार न पोहोचणाऱ्या पाड्याने मिळून एक घ्यावे, हेच किफायतशीर होईल असे आम्हांस वाटते.

वारणेचा धडा

मिळून साधन घेण्याचा अनुभव आपल्या राज्यात नवा नाही. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतालच्या, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक-केंद्रांची योजना सुरू झाली. शेतीचे व बाजाराचे नानाविध ज्ञान त्यांतून मिळावे असा हेतू होता. पुढे पाहता असे दिसून आले की, शेतकरी केंद्रावर मुख्यतः आपल्या उसाचे वजन, तोडणीचा परवाना, खताची उचल व हिशेब यांसाठीच येत असत. तेव्हा काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या साध्या संदेशाने तेच काम करून पाहण्यात आले, आणि ते पुष्कळ कमी खर्चात झाले. यावरून घेण्याचा बोध हा की, आधी काम ठरवावे व मग यंत्र निवडावे.

सभासदांस सूचना

वरील विवेचनावरून आमच्या सूचना येणेप्रमाणे आहेत :

(१) दर महिन्यास एकदा आपला सातबारा, आठ-अ व 'आपली चावडी' पाहावी. चूक अगर परका फेरफार दिसल्यास मुदतीच्या आत लेखी हरकत घेऊन पोच मागावी.

(२) पीक पाहणी अखेरच्या दिवसावर टाकू नये. पावसाने उघडीप दिली की पहिल्या आठवड्यातच ती उरकावी. शेवटी सर्वांची एकच गर्दी होते.

(३) प्रत्येक मोठ्या गावी सोसायटीच्या कचेरीत एक जोडणी, एक छपाई यंत्र व बॅटरीची सोय असावी. ते चालविणाऱ्या तरुणास ठरीव मोबदला द्यावा आणि प्रत्येक कामाची वहीत नोंद ठेवावी.

(४) मोबाईलवर येणारा गुप्त क्रमांक केंद्र चालविणाऱ्यासही सांगू नये. तो स्वतः दाबावा. कोऱ्या कागदावर अंगठा न देण्याची जी शिकवण वडिलांनी दिली, तीच येथे लागू आहे.

(५) ज्यांच्याकडे इंटरनेट नाही, त्यांनी किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या विनाशुल्क क्रमांकावर साध्या फोनने सल्ला घ्यावा.

(६) ग्रामसभेत 'आमच्या पाड्यापर्यंत जोडणी केव्हा येणार?' हा प्रश्न ठरावाच्या रूपाने मांडावा व त्याची नक्कल जवळ ठेवावी.

गाडीरस्ता नसेल तर माल सडतो, हे आपण जाणतो आणि त्यासाठी भांडतोही. यापुढे जोडणी नसेल तर नुसता माल नव्हे, मालकीच धोक्यात येईल. करमणूक हा तिचा किरकोळ उपयोग होय. आपल्या जमिनीच्या कागदावर आपली स्वतःची नजर राहणे हा खरा उपयोग आहे, आणि त्याकरिता सोसायटीने चार पैसे खर्चिले तर ते वाया जाणार नाहीत.