डोंगरावरचा निरोप्या : जुना रिपीटर नवा कसा होतो?



३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून माणसे झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. बसवकल्याणहून किल्लारी सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटर. आमच्या घरी मांडणीवरची भांडी खाली आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास लोक दगावले. उमरग्याकडे दिलेल्या माझ्या आत्याचा तीन दिवस ठावठिकाणा लागला नाही. फोन लागेना. शेवटी काका स्वतः जाऊन आले, तेव्हा आजीने घास घेतला.

त्या भागात तेव्हा हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम मंडळी, आपले संच घेऊन गेली आणि निरोप पोहोचवू लागली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानात हेच घडले. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी प्रसारणासाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. संपर्क तुटताच त्यांचा संच बेटांवरील लोकांची खुशाली कळवण्याच्या कामी आला.

रिपीटर म्हणजे काय?

हातातल्या रेडिओच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यांना पृथ्वीची गोलाई आडवी येते. दहावीच्या मुलांनी हिशेब करून पाहावा : अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळेल. दीड मीटर उंचीला उत्तर येते ५. म्हणजे सपाट रानात उभी असलेली दोन माणसे फार तर १० किलोमीटरवरून बोलतील. मध्ये झाडे, घरे आली की त्याहून कमी. पण आसपासच्या जमिनीपेक्षा १०० मीटर उंच अँटेना असेल तर एकटीचे उत्तर ४१. बिदरसारख्या पठाराच्या कडेला उंचीचे मोल म्हणूनच मोठे.

त्या उंचीवर बसवलेले यंत्र म्हणजे रिपीटर. ते एका वारंवारतेवर ऐकते आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर जोरात सांगते. (माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे वारंवारतेला 'आवृत्ति' म्हणतात. सुरुवातीला मी वर्गात 'लहरीची आवृत्ती' म्हणे आणि मुले विचारीत, सर, पहिली की दुसरी?) ओरडता ओरडता कुजबुज ऐकायची, हे सोपे नाही. त्यासाठी डुप्लेक्सर नावाच्या धातूच्या नळकांड्या लागतात. त्या दोन्ही वारंवारता एकमेकींपासून अलग ठेवतात.

नवी बांधणी

जुना रिपीटर नवा करताना लोक आधी नव्या संगणकाकडे पाहतात. खरा बिघाड बहुधा बाहेर असतो. केबलच्या जोडात पाणी शिरलेले, अँटेना गंजलेली, डुप्लेक्सरचे जुळणे बिघडलेले. म्हणून पहिले काम केबल, जोड आणि अँटेना तपासण्याचे. दुसरे अर्थिंगचे, कारण आपल्याकडे वळवाच्या पावसात वीज कशी पडते ते सर्वांना ठाऊक आहे. तिसरे बॅटरीचे. १०० अँपिअर-अवरची बॅटरी ५ अँपिअर दिल्यास कागदावर २० तास चालते, प्रत्यक्षात कमी. जोडीला सौर पट्टी हवीच.

मग डिजिटलची पाळी. आवाजाचे आकडे होतात आणि आकड्यांसोबत चूक सुधारण्याची माहितीही जाते. जपानच्या हौशी रेडिओ संघाने विकसित केलेल्या डी-स्टार पद्धतीत सेकंदाला ४८०० बिट जातात : २४०० आवाजाचे, १२०० चूक सुधारण्याचे आणि १२०० मजकुरासारख्या इतर माहितीचे. डीएमआर पद्धतीत एकाच वारंवारतेवर ३०-३० मिलिसेकंदांच्या पाळ्या लावून दोन संभाषणे चालतात. ॲनालॉग एफएममध्ये अंतर वाढले की खरखर वाढत जाते. डिजिटलमध्ये कडेपर्यंत आवाज स्वच्छ येतो आणि मग एकदम तुटतो.

मात्र दोन अडचणी आहेत. डी-स्टारचा संच डीएमआर समजत नाही. आपल्या गावात कानडी, मराठी, उर्दू, तेलुगू बोलणारे शेजारी राहतात, तसेच हे. साधे एफएम म्हणजे आपली बाजारातली हिंदी. मोडकी का असेना, सर्वांना कळते. दुसरी अडचण अशी की डिजिटल रिपीटर इंटरनेटला जोडून दूरच्या शहरांशी बोलता येते, पण भूकंपात पहिल्यांदा इंटरनेटच जाते. म्हणून नवे जरूर बसवावे, पण साधे एफएम काढून टाकू नये. आणि इंटरनेटशिवाय रिपीटर चालतो की नाही, हे जोडणी काढून अधूनमधून पाहावे. ज्या घरात आजी तीन दिवस उपाशी राहिली, त्या घरच्या माणसाचा हा आग्रह समजावा.

आपण काय करू शकतो?

१२ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना हॅमची परीक्षा देता येते. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याचा परवाना मिळाल्याशिवाय मात्र प्रसारण करायचे नाही. परीक्षेत आठवी ते दहावीच्या विज्ञानाशी जुळणारे पुष्कळ आहे. प्रतिबंधित श्रेणीला मोर्स लागत नाही. विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे की शनिवारचा एक तास आणि प्रयोगशाळेचा एक कोपरा या छंदासाठी द्यावा. पालकांनी याला खेळणे समजू नये.

उद्या वेळ आलीच, तर कुणाच्या तरी आत्याची खुशाली आपल्या शाळेतले लेकरू कळवील. कोणत्याही निकालाइतकेच मला त्याचे समाधान वाटेल.

आपला,
मुख्याध्यापक