बंद रुळांची जागा, सायकलचा रस्ता आणि आपला धंदा

पाचोरा ते जामनेर ही 56 किलोमीटरची छोटी रेल्वे साऱ्या खान्देशात 'पी.जे.' या नावाने ओळखली जाते. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत ती थांबली आणि अडीच फुटी रुळांवर ती गाडी पुन्हा धावली नाही. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा ही तिची स्थानके. गाडी संथ होती, पण भाडे एसटीपेक्षा बरेच कमी होते. त्यामुळे टोपलीभर माल घेऊन बाजाराला जाणाऱ्या गरीब माणसाला तिचाच आधार होता. बांगड्यांची पेटी घेऊन निघालेला मनियार, फळांच्या पाट्या घेऊन बसलेला बागवान, गाद्या भरायला गावोगाव फिरणारा पिंजारी, अशा कितीतरी बांधवांची रोजी या गाडीला बांधलेली होती. स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपऱ्या आणि पंक्चरची दुकाने यांचेही तसेच.

आता या मार्गाचे रुंदीकरण करून तो पुढे बोदवडपर्यंत नेण्याची 84 किलोमीटरची योजना मंजूर झालेली आहे. मोठी गाडी आली तर व्यापाराला चांगलेच, त्याबद्दल आमचे दुमत नाही. आम्हाला आज बोलायचे आहे ते जुन्या रुळांखालच्या जमिनीबद्दल. छोट्या गाडीची वळणे मोठ्या गाडीला चालत नाहीत. रुंदीकरणात मार्ग थोडा सरकतो, कुठे स्टेशनच दुसरीकडे जाते, आणि जुन्या पट्टीचे तुकडे मागे राहतात. हे तुकडे बहुधा ऐन वस्तीत असतात, कारण शहर रेल्वेच्या कडेनेच वाढलेले असते. धुळ्यालाही हा विषय परका नाही. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली. शिवाय बोरविहीर ते नरडाणा मार्गाचे काम हाती घेतलेले आहे. म्हणजे येत्या काळात खान्देशात रेल्वेच्या जमिनीची बरीच उलथापालथ होणार आहे.

अशा मोकळ्या पट्टीचे काय करतात? जगात अनेक ठिकाणी तिच्यावर पायी चालण्याचा आणि सायकलचा रस्ता झालेला आहे. खान्देशात असा रस्ता अजून नाही. पण कल्पना सोयीची आहे. रेल्वेचा चढ फार सौम्य असतो, कारण इंजिनाला उभा चढ झेपत नाही. जो उतार इंजिनाला सोपा, तो सायकलस्वारालाही सोपा आणि भरलेली हातगाडी ढकलणाऱ्या माणसाला तर त्याहून सोपा. वाटेत गाड्यांची गर्दी नाही, हॉर्न नाही. फजरच्या नमाजनंतर फिरायला निघणारे आपले बुजुर्ग आज ट्रकच्या कडेने जीव मुठीत धरून चालतात. त्यांना अशी वाट मिळाली तर कोणाला नको आहे?

धंद्याच्या दृष्टीनेही यात बरकत आहे. गाडीचा प्रवासी घाईत असतो. तो एकदा घेतो आणि जातो. फिरायला येणारा गिऱ्हाईक थोडे घेतो, पण रोज येतो आणि ओळखीचा होतो. सायकल मिस्त्रींना तर हे सांगायलाच नको. मोटरसायकल आल्यापासून ज्यांच्या दुकानात केवळ पंक्चर आणि हवा उरली, त्यांच्याकडे गिअरच्या सायकली दुरुस्तीला येऊ लागतील. मात्र त्या सायकलीचे ब्रेक आणि गिअर जुन्या काळ्या सायकलीसारखे नसतात. ते काम शिकून घ्यावे लागेल आणि हत्यारेही वेगळी घ्यावी लागतील. पोराला आखाती देशात पाठवण्यापूर्वी हा हुन्नर शिकवून पाहायला हरकत नाही.

इथवर सारे गोड. पण अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात जे घडले तेही ऐकून ठेवावे. तिथे उंच खांबांवरून जाणाऱ्या मालगाडीचा मार्ग 1980 मध्ये बंद पडला आणि 2009 मध्ये त्यावर 'हाय लाइन' नावाचा चालण्याचा बगीचा सुरू झाला. जगभरातून लोक पाहायला येऊ लागले. खालच्या भागात खाटकांचे घाऊक बाजार होते, मोटार दुरुस्तीची गॅरेजे होती, लहान कारखाने होते. जमिनीचे भाव चढले, भाडी परवडेनाशी झाली आणि त्यातले बरेच धंदे उठून गेले. त्यांच्या जागी उंची घरे आणि महागडी दुकाने आली. ही बाग उभी करण्यात पुढाकार घेणाऱ्यांपैकी एकाने 2017 मध्ये स्वतःच मान्य केले, की शेजारच्या गरीब वस्तीसाठी आपण कमी पडलो.

पॅरिसने दुसरी वाट धरली. बॅस्टिल येथून निघणारी रेल्वे 1969 मध्ये बंद झाली. 1990 च्या दशकात तिच्या जुन्या पट्टीवर साडेचार किलोमीटरच्या आसपास फिरण्याचा मार्ग झाला, त्याचा काही भाग कमानींच्या पुलावरून जातो. पण त्या शहराने केवळ वरचा मार्ग केला नाही. पुलाखालच्या कमानी दुरुस्त करून तिथे कारागिरांना गाळे दिले. व्हायोलिन बनवणारे, जुने फर्निचर दुरुस्त करणारे, कापडाचे काम करणारे असे हुन्नरी लोक तिथे बसले. वरून माणसे चालतात, खाली कारागीर काम करतो आणि चालणारा खाली उतरून ते काम पाहतो. रेल्वे तशीच, रस्ता तसाच. फरक पडला तो नकाशात कारागिराला आधीच जागा दाखवल्यामुळे.

एवढे दूर जायचे नसेल तर मुंबईकडे पाहावे. तानसाच्या जलवाहिनीच्या कडेची वस्ती उच्च न्यायालयाच्या आदेशावरून हटवली गेली. मोकळ्या झालेल्या पट्टीवर महानगरपालिकेने 39 किलोमीटरचा सायकल मार्ग आखला. तो रुळांवरचा नव्हे, पण लांबलचक सरकारी पट्टीचा प्रश्न तोच. हटवलेल्या हजारो लोकांना माहुल येथे, तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेण्यात आले. तिथल्या दूषित हवेमुळे लोक न्यायालयात गेले आणि 2019 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले, की या लोकांना माहुलमध्ये राहण्याची सक्ती करता येणार नाही. घराचे हे हाल. ज्याची टपरी पाइपलाइनच्या कडेला होती, त्याचे गिऱ्हाईक तर माहुलला गेलेच नाही.

आता कायद्याचे. फेरीवाल्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा 2014 चा आहे. त्यात सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणत्याही फेरीवाल्याला हटवू नये असे म्हटले आहे. प्रमाणपत्र असलेल्याला हटवायचे तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. अनेकांना माहीत नसते, की यात फक्त माल विकणारा नव्हे तर रस्त्यावर सेवा देणाराही येतो. म्हणजे फुटपाथवर पेटी मांडून बसलेला सायकल मिस्त्री, कुलूप-चावीवाला, चप्पल शिवणारा हे सारे कायद्याने फेरीवाले आहेत.

पण याच कायद्याच्या पहिल्याच कलमात एक मेख आहे. रेल्वेच्या मालकीची आणि ताब्यातली जमीन, आवार व गाड्या यांना हा कायदा लागू नाही. वीस वर्षे स्टेशनासमोर टपरी असली आणि ती जागा रेल्वेची असली, तर हा कायदा त्याच्या मदतीला येत नाही. पुढे ती पट्टी नगरपालिकेच्या ताब्यात रस्त्यासाठी आली तर? मालकी रेल्वेची, ताबा पालिकेचा, अशा वेळी वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. दुसरी मेख अशी, की कायदा महानगरपालिका, नगरपालिका आणि नगरपंचायतींसाठी आहे. पाचोरा, जामनेर, शेंदुर्णीचा फेरीवाला त्यात येतो. पहूर आणि वरखेडीसारख्या ग्रामपंचायतीच्या गावातला येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की हरकत आराखडा झाल्यावर घेण्यात अर्थ नाही. मागणी आधी करावी. आपली टपरी नेमकी कोणाच्या जमिनीवर आहे हे प्रथम भूमी अभिलेख कार्यालयातून समजून घ्यावे. रेल्वेची असेल तर आजच शेजारच्या पालिकेच्या हद्दीत जागेची मागणी नोंदवावी. कधी असा मार्ग आखला गेला तर त्याच्या कडेला दुरुस्तीचे आणि विक्रीचे गाळे असावेत आणि त्यावर पहिला हक्क तिथल्या जुन्या धंदेवाल्यांचा असावा, हे लेखी मागावे. हातगाडीला मज्जाव नसावा हेही मागावे. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात बिनइंजिनाच्या वाहनांना उत्तेजन देण्याची भाषा आहे. सायकल बिनइंजिनाची आणि केळ्यांची हातगाडी मात्र अडथळा, हा न्याय आम्हाला समजत नाही.

प्रमाणपत्र म्हणजे केवळ कर्ज मिळवण्याचा कागद, अशी समजूत 2020 च्या पी.एम. स्वनिधी योजनेपासून पसरली आहे. त्या कर्जावर व्याज आहे म्हणून आपले कित्येक बांधव सर्वेक्षणापासूनच लांब राहिले. व्याजाबद्दल आपल्या आलिमांना जरूर विचारावे. पण कर्ज घेणे वेगळे आणि नाव नोंदवणे वेगळे. कर्जाचा एक रुपया न घेताही प्रमाणपत्र घेता येते.

नाव नोंदवायला जाताना ओळखपत्रासोबत पालिकेच्या बाजार वसुलीच्या जुन्या पावत्या, वीज बिल, टपरीचे जुने फोटो असे जे असेल ते न्यावे. शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के जागा फेरीवाल्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या आहेत आणि त्यातल्या एक तृतीयांश महिलांच्या. बांगड्या, भाजी आणि कापडाचे तुकडे विकणाऱ्या आपल्या बहिणी प्रत्येक गावात आहेत. पुढच्या निवडणुकीत त्यांची नावे जावीत, यासाठी जमातीने आतापासून यादी करायला घ्यावी.