निकाल वाढला, शाळा सुधारली काय?

दहावीचा निकाल लागला की गावातील माध्यमिक शाळेच्या फाटकावर फलक झळकतो. मागील वर्षापेक्षा टक्केवारी वाढली असेल तर शाळा सुधारली, असे सर्वजण मानतात. आपले कार्यकर्तेही मानतात. ही समजूत तपासून पाहणे आवश्यक आहे. कारण आपल्या वस्तीची मुले याच शाळेत जातात आणि बहुधा येथूनच बाहेर पडतात.

प्रथम जमेची बाजू पाहू. मी ज्या तालुक्याच्या गावी शिकवतो, तेथील एका अनुदानित शाळेत माझे येणेजाणे आहे. तेथे बदल झाला आहे यात शंका नाही. शिक्षक वेळेवर वर्गात असतात. दहावीच्या मुलांसाठी सायंकाळी अभ्यासिका चालते. ज्याचे घर एका खोलीचे आहे, त्या मुलाला दिवा आणि शांतता मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. मूल चार दिवस आले नाही तर मुख्याध्यापक घरी निरोप धाडतात. गणित-इंग्रजीच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या जातात. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी शाळेत गेले नाही, त्यांना परीक्षेचे हे तंत्र दुसरे कोण सांगणार? या कष्टांची नोंद न घेता केवळ टीका करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु निकालाचा आकडा नेमके काय मोजतो? राज्याचाच दाखला घ्या. 2018 मध्ये दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 मध्ये अभ्यासक्रम बदलला, भाषा व सामाजिक शास्त्रे यांचे शाळेच्या हातातील 20 गुण बंद झाले आणि निकाल 77.10 टक्क्यांवर आला. ते गुण परत सुरू झाले आणि 2020 मध्ये तो 95.30 टक्के झाला. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण दिले गेले, हेही ध्यानात घ्यावे. या दोन वर्षांत महाराष्ट्रातील शाळा आधी बिघडल्या आणि लगेच सुधारल्या, असे कोणी म्हणणार नाही. नियम बदलले, आकडा बदलला.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. टक्केवारी परीक्षेला बसलेल्या मुलांवर काढली जाते, शाळेत आलेल्या मुलांवर नव्हे. समजा, आठवीत 100 मुले होती. दहावीला त्यांतली 60 बसली व 54 उत्तीर्ण झाली. फलकावर 90 टक्के लागतील. समाजाच्या हिशेबी मात्र ती शंभरातली 54 च. उरलेली कोठे गेली? काही आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. काही मुलींची लग्ने झाली. आणि काहींना नववीत शाळेनेच थांबवले. कच्च्या मुलाच्या पालकाला 'सतरा नंबरचा फॉर्म' भरण्याचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसवण्याचा, सल्ला मिळतो. असे मूल नापास झाले तरी शाळेच्या निकालाला धक्का लागत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण 6 ते 14 वर्षे वयापर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत आहे. नववीत मूल उघड्यावर येते.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी ज्या शाळेत शिकलो तेथे गुणांप्रमाणे तुकड्या पाडत. 'क' तुकडीत बहुतेक आम्ही वस्तीवरची व तांड्यावरची मुले होतो. अनुभवी शिक्षक 'अ' ला असत. नववीत मलाही सतरा नंबरचाच सल्ला मिळाला होता. वडिलांनी मजुरी बुडवली आणि ते दिवसभर कचेरीच्या दारात उभे राहिले, म्हणून पटावर माझे नाव राहिले. माझ्या बाकावरच्या दोघांच्या वडिलांना मजुरी बुडवणे परवडले नाही. त्या वर्षी आमच्या शाळेचा निकाल वाढला होता.

बाबासाहेबांनी 1927 साली मुंबईच्या कायदे मंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना वेगळा हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या 100 मुलांपैकी केवळ 18 मुले चौथीपर्यंत पोहोचतात, हे त्यांनी सभागृहाच्या नजरेस आणले. आज आकडे बदलले आहेत. हिशेबाची रीत बदलण्याचे कारण नाही. किती आले आणि त्यांपैकी किती शेवटपर्यंत पोहोचले, हाच शाळेला विचारायचा प्रश्न आहे.

म्हणून शिक्षकांनी व कार्यकर्त्यांनी आठवीचा हजेरीपट आणि दोन वर्षांनंतरची दहावीची यादी शेजारी शेजारी ठेवावी. गळालेली नावे कोणत्या वस्तीची आहेत ते पाहावे. तुकड्या कशा पाडल्या आणि कोणत्या तुकडीला कोण शिकवतो, ते विचारावे. अभ्यासिका दहावीऐवजी आठवीपासून सुरू करण्याचा आग्रह धरावा. कारण दहावीपर्यंत जे पोहोचलेच नाहीत, त्यांना तिचा उपयोग नाही.

वर सांगितलेल्या मुख्याध्यापकांपुढे मी हे मांडले तेव्हा ते म्हणाले, "सर, वरून आमच्याकडे निकालच मागतात." त्यांचे म्हणणे खोटे नाही. मग पट मागण्याचे काम खालून, म्हणजे आपल्यालाच करावे लागेल.