पॅलेटच्या पायऱ्या

वसई पूर्वेला वालीव-सातिवलीच्या गाळ्यांमागून चालत गेलं की भिंतीला टेकवलेल्या पॅलेटच्या थप्प्या दिसतात. माल आत जातो, पॅलेट बाहेर ऊनपावसात पडून राहतात आणि बरीचशी शेवटी चुलीत जातात. मला ती जळताना बघवत नाहीत. त्यातली चार मी भंगारवाल्याकडून विरारला आमच्या इमारतीच्या गच्चीवर आणली. भाजीसाठी तीन पायऱ्यांची मांडणी करायची होती, चैत्रगौरीच्या आराशीला करतात तशी.

घेताना आधी शिक्का बघायचा. परदेशी फिरून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं आणि ‘एचटी’ किंवा ‘एमबी’ असं डागलेलं असतं. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. ते भाजीला नको. तेलकट डागांचं, उग्र वासाचंही नको.

खरी मेहनत जोडण्यात नाही, सोडवण्यात आहे. पॅलेटचे खिळे पिळाचे असतात. मी पहार घालून पहिली फळी उचकटली आणि ती टोकापासून उभी चिरली. शेजारचे सुतारकाका बघत होते. म्हणाले, “ताई, खिळा उपटायचा नाही. तो आतच राहू दे.” त्यांनी लोखंड कापायचं ब्लेड घेतलं, एका टोकाला चिंधी गुंडाळली, फळी आणि ठोकळ्यामधल्या फटीत ते सरकवलं आणि सावकाश ओढत राहिले. चार-पाच मिनिटांनी खिळा तुटला, फळी अख्खी हातात आली. खिळ्याचं डोकं लाकडातच, भोवती गंजाचं तपकिरी कडं. एका पॅलेटला अर्धा दिवस गेला.

मापं घेताना वजन विसरून चालत नाही. एक मीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल खोका म्हणजे ४० लिटर. ओली माती भरली की साठ किलोच्या वर. असे तीन. म्हणून खोके खिळ्यांवर टांगायचे नाहीत, खाली आडव्या रिपा देऊन त्यांच्यावर टेकवायचे. आत माती थोडीच. बाकी कोकोपीट आणि पालापाचोळ्याचं खत. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये बाग सुरू केली ती स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्याच जोरावर. गच्चीला तेच झेपतं.

माझी आधीची मांडणी एका पावसाळ्यात गेली होती. तळ सलग फळ्यांचा आणि थेट फरशीवर टेकलेला. गणपतीपर्यंत खालच्या फळ्यांची टोकं काळी पडली, नख लावलं तर रुतत होतं. पाणी सगळ्यात जास्त पितं ते फळीचं कापलेलं टोक, कारण तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात. या वेळी त्या टोकांना जवसाच्या तेलाचे दोन हात दिले, तळाच्या फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवली, आत भोकं पाडलेली गोणी अंथरली आणि पायांखाली विटा दिल्या.

वसई पश्चिमेच्या वाड्यांत पाणी पाटाने वाफ्यावाफ्यात फिरतं, इथे ते पायरीपायरीने उतरतं. वरचा खोका सर्वांत आधी सुकतो, तिथे पानओवा. मधे मिरची. खालच्याला वरच्या दोघांचं निथळलेलं पाणी मिळतं, म्हणून तिथे अळू. हा क्रम उलटा केला तर वरचं करपतं आणि खालचं कुजतं.

जुलैत सलग चार दिवस झोडपून पाऊस झाला. पाचव्या दिवशी सुतारकाका गच्चीवर आले. झाडांकडे न बघता वाकले, खालच्या खोक्याच्या टोकाला अंगठ्याचं नख दाबून पाहिलं. रुतलं नाही. मग सरळ उभे राहून म्हणाले, “काकूला फतफतं करायचंय,” आणि अळूची सहा पानं देठासकट खुडून घेऊन गेले.