दहा नॅनोमीटरची धाव

मे महिन्यात हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या भाजीबाजारात पारा चाळिशीपार गेलेला असतो. खिशातला मोबाईलही तापतो. त्याचा पडदा ओलेड जातीचा असेल, तर मोबाईलमध्ये दोन वेगळ्या स्वभावांचे पदार्थ नांदतात: चिप सिलिकॉनची आणि प्रकाश देणारा थर सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रेणूंचा. तापल्यावर सिलिकॉनमधल्या अणूंची थरथर वाढते आणि इलेक्ट्रॉन अडखळतात. सेंद्रिय थरात बहुधा तीच थरथर इलेक्ट्रॉनला पुढे ढकलते!

सिलिकॉनचे अणू एकमेकांशी घट्ट बांधलेले, तर हे रेणू नुसते टेकून बसलेले. इलेक्ट्रॉन रेणूवर आला की रेणूचा आकार किंचित बदलतो, जणू खळगा पडतो, आणि त्यात इलेक्ट्रॉन रुततो. उष्णतेचा धक्का मिळाला की शेजारच्या रेणूवर उडी. त्यामुळे त्याची चाल सिलिकॉनच्या तुलनेत बऱ्याचदा हजारो पटींनी मंद.

ऊर्जेचा प्रवास मला त्याहून विलक्षण वाटतो. ऊन पडल्यावर सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, सहज वेगळे होतात. सेंद्रिय पदार्थात ती जोडी सुटत नाही. तिला एक्झिटॉन म्हणतात. वीज मिळवायची तर ती फोडावी लागते, आणि त्यासाठी साधारण ०.३ ते ०.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. खोलीतली उष्णता देते जेमतेम ०.०२५. जोडीवर एकूण भार शून्य, म्हणून ती भटकते, आणि सुमारे १० नॅनोमीटरमध्ये विझते. ऊन पुरतं शोषायला मात्र थर १०० नॅनोमीटरच्या आसपास जाड हवा.

संशोधक चिंग टँग यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सौरघटात दोन वेगळे सेंद्रिय थर एकमेकांवर ठेवले होते. एकाला इलेक्ट्रॉनची ओढ जास्त, त्यामुळे सीमेवर जोडी फुटली. पुढे थरांऐवजी दोन्ही पदार्थ एकत्र कालवले गेले; सीमा सगळीकडे पसरली. आज प्रयोगशाळेतले असे सौरघट १९ टक्क्यांपुढे गेले आहेत.

नल्लकुंट्याहून उस्मानिया विद्यापीठाचं आवार ओलांडलं की तारनाका. तिथल्या, १९४४ साली सुरू झालेल्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत सौरघटांसाठी सेंद्रिय रंगद्रव्यं घडवली जातात. पण रेणू चांगला असून भागत नाही. कालवलेलं द्रावण काचेवर किती वेगाने सुकतं, यावर मिश्रणाची कणी ठरते. कणी मोठी झाली तर जोडी सीमेआधीच विझते. फार बारीक झाली तर सुटलेल्या भारांना बाहेरची वाट सापडत नाही.