पोरीला कोणतं पुस्तक द्यावं?

परवा सिहोऱ्यात एका ख्रिस्ती मित्राने विचारलं, "पोरगी जादूटोण्याच्या गोष्टी मागते. देऊ का?"

मराठी ख्रिस्ती घरांत हा प्रश्न जुनाच. मुलांच्या हाती काय पडावं, या काळजीतूनच मिशनऱ्यांनी १८७२ मध्ये 'बालबोधमेवा' हे मासिक काढलं.

पण गंमत बघा. १८९३ मध्ये कवी ना. वा. टिळकांना 'नवा करार' मिळाला तो नागपूर-राजनांदगाव रेल्वेत, एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाकडून. ही लाईन आपल्या तुमसर रोड स्टेशनवरूनच जाते! टिळक तेव्हा हिंदू; ख्रिस्ती झाले ते पुढे. घरच्यांनी ते पुस्तक थोडंच निवडलं असतं?

मित्राला म्हटलं, आधी तू वाच, मग तिच्या शेजारी बसून वाच. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' मात्र बेधडक दे.

तुम्ही पुस्तकं कशी निवडता? काही विचारायचं असेल तर खाली लिहा.